करवंदीचं कुंपण आणि चैत्रातली कात्री

मी, गोटीराम नाथा तिडके, वय सदुसष्ट, धंदा शेती (आता बंद), राहणार मखमलाबाद शिवार, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर प्रतिभाबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला त्यांनी दिलेला नाही. पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलं आहे, जे काय लिहायचं ते पावसाळ्याआधी लिहा, असं त्या म्हणाल्या.

वकील निकिताताई यांनी मला सव्वा पानाचा टाइप केलेला मसुदा करून दिला होता. तो बरोबर होता, पण त्यात मी नव्हतो. काका, मृत्युपत्रात कोणी आयुष्य लिहीत नाही, असं त्या समजावत होत्या. त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण ऐकण्याची सवय मला उभ्या आयुष्यात लागली नाही आणि या कागदाचं कारणच ते आहे. कायद्याची वाक्यं त्यांची आहेत, बाकीचा दोष माझा.

कलम १. मिळकतीचं वर्णन. वाटणीत माझ्या हिश्श्याला आलेली अठरा गुंठे जमीन, त्यात दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा आणि पत्र्याची शेड. पूर्वेला थोरले बंधू रंगनाथ यांची जमीन, दक्षिणेला नाला, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला लग्नाचं लॉन्स. पूर्व, पश्चिम आणि उत्तर या तीन बाजूंना करवंदीचं कुंपण, उंची पुरुषभर, काही ठिकाणी जास्त. सात-बाऱ्यावर या कुंपणाची नोंद नाही. म्हणून ती इथे करतो: हे कुंपण माझी पत्नी नवसाबाई हिने लावलं आहे.

कलम २. किरकोळ वस्तू. मोटारसायकल, ट्रॉली, द्राक्षाच्या मांडवाचे उरलेले अँगल आणि तारा पुतण्या ज्ञानेश रंगनाथ तिडके याला द्याव्यात. ठिबकच्या नळ्यांची दोन बंडलं त्याच्या वडिलांकडे दोन हजार अकरा सालापासून आहेत, तीही आता दिली असं समजावं. गेली चौदा वर्षं मी त्यांच्यावरून रंगनाथदादाशी तोंड फिरवून बोलतो, त्याचा मला कंटाळा आला आहे. फवारणीचा ब्लोअर कोणाला देऊ नये, विकू नये, भंगारवाल्याकडून समोर उभं राहून तोडून घ्यावा. बँकेत जे काही असेल त्यातून माझं अंत्यविधीचं उरकावं आणि उरेल ते कलम ६ मध्ये लिहिलेल्या व्यक्तीला द्यावं. दहाव्याला द्राक्षं वाटू नयेत.

कलम ३. कुंपणाची हकिगत. हे कलम लांब आहे. ज्याला घाई असेल त्याने कलम ५ पासून वाचावं, पण मग सही करू नये.

नवसाबाईचं माहेर कळवण तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. आमचं लग्न एक्याऐंशी साली झालं. तेव्हा आमच्याकडे थॉमसन द्राक्षाचा नवा मांडव होता आणि रस्त्यावरची जनावरं रोज आत शिरायची. काटेरी तार परवडत नव्हती. एकोणनव्वद साली वैशाखात ती माहेराहून पाटीभर पिकली करवंदं घेऊन आली. आम्हा बागायतदारांची रीत अशी, की चांगलं फळ बियाण्याला राखायचं, बी वाळवायचं आणि राखेत घालून ठेवायचं. मी तेच करायला निघालो. ती म्हणाली, हे बी वाळलं की मरतं, आजच्या आज टोचायचं. तिने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्याच दिवशी बी लावलं. माझ्या हट्टापायी मूठभर राखेत ठेवलं होतं, त्यातलं पुढच्या वर्षी एकही उगवलं नाही. तिच्या पिशव्यांतली एकशे चाळीस रोपं आली. मी काय धडा घ्यायला हवा होता ते आता दिसतं.

रोपं पुढच्या आषाढात लागली. दोन उन्हाळे तिने घागरीने पाणी घातलं. तिसऱ्या उन्हाळ्यापासून एक तांब्याही घातला नाही आणि पान गळलं नाही. आमची विहीर आटायची, वेलींना टँकर लागायचा, आणि बांधावर ती हिरवीगार, काळपट चकचकीत पानं. जनावरं यायची बंद झाली. कुंपण म्हणून त्याने आपलं काम केलं. पण त्याला फळ येईना.

का येईना, ते सांगतो. द्राक्षवाल्याच्या आयुष्यात वर्ष दोनच महिन्यांचं असतं: चैत्रात खरड छाटणी, दसऱ्याच्या पुढेमागे गोडी छाटणी. छाटलं नाही तर माल नाही, हे माझ्या वडिलांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. पेठ तालुक्यातली छाटणीची टोळी आली की वेली संपल्यावर मी त्यांना बांधावर न्यायचो आणि करवंदीचीही छाटणी करून घ्यायचो, पेटीसारखी चौकोनी, वरून ओळंबा लावल्यासारखी. करवंदीला माघ-फाल्गुनात फूल येतं आणि वैशाखात फळ पिकतं. आमची कात्री चैत्रात चालायची. फुलं मला दिसायची. ती गळून जातात असं मी धरून चाललो होतो. ती गळत नव्हती, मी कापत होतो.

नवसाबाईला हे कळत होतं. ती दरवर्षी सांगायची, एक वरीस कात्री लावू नका. मी दरवर्षी म्हणायचो, वेलीचं मला शिकवू नकोस. ती वेल नाही, असं ती म्हणायची आणि कामाला लागायची.

आम्हाला मूल नव्हतं. हेही याच कलमात येतं, कारण माझ्या डोक्यात ते एकाच कप्प्यात होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षापासून तिला नेणं सुरू झालं. देवऋषी झाले, काढे झाले, दोनदा गर्भपिशवीचं क्युरेटिंग झालं. शेवटच्या डॉक्टरने माझ्याकडे बघून सांगितलं, आता तुमचीही तपासणी करू, साधी असते. मी खुर्चीवरून उठून सरळ बाहेर आलो. रिक्षात तिने एवढंच विचारलं की तपासणीला काय हरकत होती. मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही.

एप्रिल अठ्ठ्याण्णव. छाटणीचा शेवटचा दिवस. शेडमध्ये पंगत बसली होती. मी सोडून बारा माणसं: समाधान मुकादम आणि त्याची सात माणसं, माझे वडील नाथा, रंगनाथदादा, औषधाच्या दुकानाचे मालक आणि मोटारीचा मेकॅनिक. जेवण झालं की बांध घ्या, असं मी टोळीला सांगितलं. नवसाबाई भाकरी वाढत होती. ती तशीच टोपली घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर पहिल्यांदाच म्हणाली, "औंदा नका कापू. हिरवी बोंडं धरल्यात. मी बघितल्यात."

मी जे बोललो ते शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण ते बदलून लिहिले तर या कागदाला अर्थ नाही. मी म्हणालो, "तुझ्या हातालाच फळ नाही. बांधावर नाही आणि घरातही नाही."

रंगनाथदादा हसला. बाकीच्यांनी ताटात बघितलं. नवसाबाईने पंगत पुरी वाढली, भांडी घासली, आणि टोळीने बांध कापायला घेतला तेव्हा ती आत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिशवी घेऊन ती कळवणच्या गाडीला गेली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा-बारा दिवसांवर होती. शेजारपाजारचे विचारायचे तेव्हा माझी आई सांगायची, आखाजीला माहेरी गेली आहे. ती आखाजी सत्तावीस वर्षं चालली आहे.

फारकत झालेली नाही. मी आणायला गेलो नाही. सुरुवातीला ताठ्याने, नंतर लाजेने, आणि नंतर रोजच्या कामात ते विसरता येतं असं कळल्यामुळे. छाटणी मात्र एकही वर्ष चुकवली नाही.

कलम ४. दोन हजार एकोणीस. मार्च महिन्यात मांडवाची तार ताणताना मी शिडीवरून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. तीन महिने खाटेवर. टोळी आली, वेली छाटून गेली. बांध घ्या म्हणायला कोणी उभं नव्हतं, म्हणून बांध राहिला. माझी खाट खिडकीशी होती. कुंपणाच्या फांद्या वाकड्यातिकड्या वाढलेल्या मला दिसायच्या आणि चीड यायची. मग एक बुलबुलाची जोडी एकाच जागी आत-बाहेर करताना दिसू लागली. काट्यांत मांजर शिरत नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

मेच्या शेवटी वॉकर घेऊन मी बांधापर्यंत गेलो. करवंदांनी कुंपण काळं झालं होतं. खाली पडलेल्यांवर मुंग्या, वर पाखरं, मधे मी. एक तोडून खाल्लं. ओठाला चीक चिकटला. तिथेच मातीत बसलो आणि रडलो. उठता येईना, तेव्हा ज्ञानेशने येऊन उचललं. पाय दुखला असेल असं त्याला वाटलं आणि मी तसं वाटू दिलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, पाय टेकायला लागल्यावर, मी एकटा नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका लॅबमध्ये गेलो. एकसष्ट वर्षांच्या माणसाला ही तपासणी कशाला हवी, असं तिथल्या पोराच्या चेहऱ्यावर होतं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, लहानपणी गालगुंड झाले होते का, खाली सूज आली होती का. झाले होते, सोळाव्या वर्षी. आईने हळदीचा लेप लावला होता. तेव्हापासूनचंच असणार, असं ते म्हणाले. दोष पहिल्यापासून माझ्यात होता. नवसाबाईच्या पोटावर जे जे केलं गेलं ते विनाकारण केलं गेलं. रिपोर्टाची प्रत या मृत्युपत्राला जोडली आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी कळवणला गेलो. ती भावाच्या मळ्यात शेंगा फोडत बसली होती. केस पूर्ण पांढरे. मी सगळं सांगितलं, करवंदीचं आणि रिपोर्टाचं. तिने हातातल्या शेंगा संपवल्या. मग म्हणाली, "मला एकटीला सांगून काय व्हनार? मला म्हाईतच व्हतं. तवा बारा मानसं जेवत व्हती."

तिने चहा दिला, भावाच्या पोराला सांगून मला स्टँडवर सोडलं. त्याला आता सहा वर्षं होत आली. या सहा वर्षांत मी त्या माणसांसमोर हे बोललो नाही. द्राक्षं काढून टाकली, मांडव उतरवला, फवारणी बंद केली, डोंगरातून तरवड, अडुळसा, निरगुडी आणून लावली, सुकलेला पाला जागेवर राहू दिला. आता आत मुनिया आहेत, शिंजीर आहेत, भारद्वाज आहे, एक मुंगूस आहे. गेल्या साली उन्हाळ्यात बोअर कोरडा पडला, शेजारच्या लॉन्सचं गवत टँकर घालूनही पिवळं झालं आणि करवंदीने पान टाकलं नाही. लोक फोटो काढायला येतात आणि मला पक्ष्यांचे काका म्हणतात. मी ऐकून घेतो. हे सगळं मी बोलायचं टाळण्यासाठी केलं आहे. बाग करणं सोपं होतं.

कलम ५. बागेची देखभाल. जो कोणी करील त्याच्या माहितीसाठी. लागलेल्या करवंदीला पाणी घालू नये, तिला ते नको असतं. नवीन रोप करायचं तर पिकल्या फळाचं बी त्याच दिवशी लावावं, पहिले दोन उन्हाळे आठवड्याला तांब्याभर पाणी, मग विसरून जावं. औषध मारू नये. वाट अडली तरच फांदी कापावी, तीही भाद्रपदात, आणि आधी आत वाकून घरटं नाही ना ते बघावं. चैत्रात कात्री लावू नये. पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवावं आणि रोज बदलावं, नाहीतर डास होतात. ही माहिती आहे, अट नाही. त्याचं कारण पुढे दिलं आहे.

कलम ६. वारस. कलम १ मधली संपूर्ण मिळकत, जमीन, घर, कुंपण आणि आतलं जे काही असेल ते, मी माझी पत्नी नवसाबाई हिला देतो. निकिताताई म्हणतात, कायद्याने तसंही पहिला हक्क तिचाच आहे. तरी लिहितो, कारण ती सोडून गेली असं उद्या कोणीतरी म्हणणार. ती सोडून गेली नाही. मी घालवली.

आधीच्या मसुद्यात मी एक अट घातली होती: कुंपण तोडू नये, जागा लॉन्सला देऊ नये. ज्ञानेशची त्या जागेवर नजर आहे. शेजारचं लॉन्स वाढवायचं, हिरवं गवत, स्टेज, पार्किंग असं त्याच्या मनात आहे, आणि त्याने ते लपवलेलं नाही. अट वाचून निकिताताईंनी विचारलं, काका, ही बाग तुम्ही काकूंना देताय की काकूंना बागेवर राखणीला ठेवताय? तिसऱ्या दिवशी मी अट खोडली. सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्या झाडाचं काय करायचं ते मी तिला न विचारता ठरवत होतो आणि मेल्यावरही तेच करणार होतो. तिने कुंपण ठेवावं, तोडावं, जाळावं, जमीन विकावी. मला ते सोसणार नाही, पण सोसायला मी नसेन.

तिने घ्यायला नकार दिला तर मिळकत ज्ञानेशकडे जाईल, त्यालाही बिनशर्त. मग बुलडोझर येईल हे मला ठाऊक आहे. असं झालं तर कोणीही कळवणला जाऊन, तुम्ही घेतलं नाही तर पाखरांची घरटी जातील, असं तिला सांगू नये. तिच्यावर कुंपणाचं ओझं टाकायला मी कोणालाही नेमलेलं नाही. नकार देणं हा तिचा हक्क आहे आणि त्याचा दोष माझ्या खाती आहे.

कलम ७. निकिताताई या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक. त्यांनी मेहनतान्याबद्दल विषय काढू दिला नाही.

कलम ८. साक्षीदार. कायद्याला दोन पुरतात आणि मृत्युपत्र सहसा माणूस गेल्यावर उघडतात. माझाही विचार तोच होता, की मी गेल्यावर वाचलं जाईल आणि कोणाच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. ती पळवाट होती. म्हणून त्या दिवशीच्या बारा जणांपैकी जे हयात आहेत त्यांना मी आज शेडमध्ये बोलावलं आहे. वडील गेले, दुकानाचे मालक गेले, मेकॅनिक गुजरातला आहे, टोळीतले काही गेले, काहींचा पत्ता नाही. समाधान आणि रंगनाथदादा या दोघांना निरोप पोचला. वरचा सगळा मजकूर त्यांच्यासमोर मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे.

सहीआधीची नोंद, दिनांक ११ मे २०२५, सकाळी साडेदहा. मजकूर वाचून झाला. मधे दोनदा दम लागला म्हणून थांबलो. समाधान पेठहून पहिल्या गाडीने आला होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला की कात्री त्याच्याच हातात होती आणि बोंडं त्यालाही दिसली होती. रंगनाथदादा तपासणीचा भाग आला तेव्हा उठला. "जुनं कशाला उकरतो, गोट्या? घरातलं घरात ऱ्हाऊ दे," असं म्हणून तो निघून गेला. त्याच्यावरचा राग मी या कागदात लिहिणार होतो, पण त्या दिवशी हसायला मीच त्याला दिलं होतं.

त्याची बायको, माझी वहिनी कुसाबाई, त्याच्याबरोबर आली होती. ती उठली नाही. साक्षीदार आता एकच राहिला, दुसरा कुठून आणू, असं मी निकिताताईंना विचारत होतो. तेव्हा वहिनी म्हणाली, "जेवनारी बारा व्हती. आयकनारी तेरावी मी व्हते. कालवण मीच वाढत व्हते." या सत्तावीस वर्षांत मी त्या पंगतीची माणसं हजार वेळा मोजली आणि वहिनीला एकदाही धरलं नाही.

या कागदाची एक प्रत आजच नवसाबाईला कळवणला पाठवत आहे. तिच्याकडून काही उत्तर यावं अशी अपेक्षा या मृत्युपत्रात नाही.

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: ११ मे २०२५

लिहून देणार: गोटीराम नाथा तिडके (सही)

वरील सही आमच्यासमोर झाली व आम्ही एकमेकांसमोर साक्ष केली.

साक्षीदार १: समाधान, मुकादम, राहणार तालुका पेठ (सही)

साक्षीदार २: कुसाबाई रंगनाथ तिडके, राहणार मखमलाबाद (डाव्या हाताचा अंगठा)

अंगठ्याखालचा मजकूर कुसाबाई यांनी सांगितला तसा वकील निकिता यांनी लिहिला: हे शब्द मी त्या दिवशी ऐकले. ऐकून मी वाढत राहिले.